नळाचे काम : हाताची विद्या, पोटाची भाकर

(खोपट, ठाणे येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले भाषण)



तुम्ही आता वाचायला शिकलात. सही करता येऊ लागली. एस.टी.ची पाटी वाचून गाडीत बसता येऊ लागले. फार चांगले झाले. पण वाचता आले म्हणजे चूल पेटते असे नाही. अक्षराला हुन्नराची जोड मिळाली, म्हणजे घरात चार पैसे येतात. म्हणून आज मी तुम्हांला एका हुन्नराची गोष्ट सांगणार आहे. ते काम म्हणजे नळाचे काम. त्यालाच आपण प्लंबरचे काम म्हणतो.

कोणी म्हणेल, "गुरुजी, त्यात काय एवढे? नळ गळाला की पाना घ्यायचा आणि आवळायचा!" तसे नाही, मंडळी. आवळणारे पुष्कळ आहेत. का गळला ते सांगणारे थोडे आहेत. जो सांगू शकतो, तो कारागीर. जो नुसता आवळतो, तो बिगारी. दोघांच्या मजुरीत फरक आहे, आणि दोघांना मिळणाऱ्या मानातही फरक आहे.

पाणी येते कुठून?

आधी आपल्या डोळ्यांसमोरचे पाहू. आपला ठाणे जिल्हा म्हणजे पाण्याचे कोठार. मुंबईला पाणी देणारे तानसा धरण शहापूर तालुक्यात आहे. ते १८९२ साली पुरे झाले. भातसा धरणही शहापुरातच आहे. बदलापूरच्या बाजूला बारवी धरण आहे. ते औद्योगिक महामंडळाचे आहे. भातसा नदीवर पिसे येथे बंधारा आहे. उल्हास नदीवर शहाडला पाणी उचलतात. कल्याण-डोंबिवलीचे पाणीही उल्हास नदीचेच. मोहिली, बारावे, नेतिवली या ठिकाणी ते शुद्ध होते आणि मग शहरात जाते.

आता बघा. धरणापासून तुमच्या घरातल्या तोटीपर्यंत पाण्याचा रस्ता किती लांब! मोठा नळ, मग लहान नळ, मग जमिनीतली टाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि शेवटी तोटी. वाटेत किती सांधे! त्यातला एक सांधा जरी ढिला पडला, तरी पाणी वाया जाते. आणि पाणी नुसते वाया गेले तर एकवार परवडले. त्याच सांध्यातून बाहेरची घाण आत शिरते, ते मात्र परवडत नाही.

घाण आत कशी शिरते? ऐका. नळाला पाणी असते तेव्हा आत जोर असतो. फट असली तर पाणी बाहेर येते. पण पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो. त्यातच कोणी पंप लावून पाणी ओढले, तर नळ बाहेरचे ओढू लागतो. नळ गटारातून गेलेला असेल, तर गटाराचे पाणी त्या फटीतून आत येते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी हंड्यात पडते. मग कावीळ होते, विषमज्वर होतो, पटकी होते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. लोक दगावले. म्हणून म्हणतो, डॉक्टर आजार झाल्यावर येतो. चांगला नळकारागीर आजार होण्याच्या आधी येतो.

हे काम नवे नाही

नळाचे काम साहेबाने आणले असे समजू नका. पेशव्यांच्या काळात, नानासाहेबांच्या कारकिर्दीत, पुण्याला कात्रजच्या तलावातून पाणी आणले. ते जमिनीखालून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जाई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. उच्छ्वास म्हणजे हवा बाहेर जायची वाट. नळात हवा कोंडली की पाणी अडते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. आजही गच्चीवरची टाकी भरलेली असते आणि खाली तोटीला पाणी येत नाही. कारण तेच, नळात हवा अडकलेली असते. दोनशेहून अधिक वर्षे झाली, पण पाण्याचा स्वभाव बदलला नाही.

प्लंबर हा शब्द कुठून आला? जुने रोमन लोक शिशाचे नळ करीत. त्यांच्या भाषेत शिशाला प्लंबम म्हणत. शिशाचे काम करणारा तो प्लंबर. पुढे कळले की शिसे पोटात गेले तर विषासारखे बाधते. म्हणून आता पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचे नळ बसवीत नाहीत. नाव तेवढे मागे राहिले.

या कामात काय शिकावे लागते?

नळाचे काम म्हणजे एक विद्या नव्हे. त्यात तीन-चार विद्या एकत्र आहेत.

पहिली विद्या, सामानाची ओळख. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ असतो. त्याला जी.आय. म्हणतात. त्यावर रंगाचा पट्टा असतो. पिवळा पट्टा म्हणजे हलका नळ, निळा म्हणजे मध्यम, तांबडा म्हणजे जाड. पट्टा ओळखता आला नाही, तर दुकानदार जाडाचे पैसे घेऊन हलका नळ गळ्यात मारील. मग प्लास्टिकचे नळ आले. साधा पी.व्ही.सी. नळ थंड पाण्याला चालतो. गरम पाण्याला सी.पी.व्ही.सी. लागतो. साध्या नळात बंबाचे किंवा गीझरचे पाणी सोडले, तर तो मऊ पडतो, वाकतो आणि सांधा सुटतो. शिवाय अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच अशी मापे आहेत. नव्या हिशोबात त्यांनाच १५, २० आणि २५ मिलिमीटर म्हणतात. हे सगळे नळावर छापलेले असते. तुम्हांला वाचता येते ना? मग ते वाचा. अक्षरओळख इथे पैसे वाचवते.

दुसरी विद्या, सांध्याची. एल्बो, टी, सॉकेट, युनियन, निपल अशी सांध्यांची नावे आहेत. लोखंडी नळाला आटे पाडावे लागतात. आटे नीट पडले नाहीत, तर कितीही ताग गुंडाळा, कितीही टेप लावा, गळती थांबत नाही. प्लास्टिकचा नळ डिंकासारख्या रसायनाने चिकटवतात. डब्यावर लिहिलेले असते, किती वेळ सुकू द्यायचे. घाईने पाणी सोडले की सांधा गेलाच म्हणून समजा. कित्येक जण डबा वाचीतच नाहीत. मग घरमालक म्हणतो, "माल वाईट." माल चांगला असतो. वाचणारा नसतो.

तिसरी विद्या, उताराची. स्वच्छ पाणी जोराने पुढे जाते. सांडपाणी उताराने जाते. चार इंची सांडपाण्याच्या नळाला ४० फुटांना १ फूट उतार चांगला. म्हणजे १० फुटांना ३ इंच. उतार कमी पडला, तर घाण वाटेतच बसते आणि नळ तुंबतो. उतार फार झाला, तर पाणी पळून जाते आणि घाण मागे राहते. तीही तुंबते. बघा, कमी चालत नाही, जास्त चालत नाही. बेताचेच लागते.

चौथी विद्या, पाण्याच्या सापळ्याची. मोरीखाली किंवा संडासाखाली नळाला वाकण दिलेले तुम्ही पाहिले असेल. कोणी विचारतो, "सरळ नळ का लावीत नाहीत?" त्या वाकणात थोडे पाणी नेहमी साचून राहते. ते पाणी बुचासारखे काम करते. गटाराची दुर्गंधी, झुरळे, जंतू यांना ते वर येऊ देत नाही. लंडनच्या एका घड्याळजीने, अलेक्झांडर कमिंग याने, १७७५ साली संडासाला असे वाकण लावण्याचा हक्क नोंदवला. घड्याळजीची अक्कल घराघरांतल्या संडासाला कामी आली!

या सापळ्याला क्षुल्लक समजू नका. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्स नावाचा रोग पसरला. तिथल्या एका मोठ्या वसाहतीत तीनशेहून अधिक माणसे आजारी पडली. तपास केला तेव्हा दिसले की, न्हाणीघरांतल्या जमिनीतले सापळे कोरडे पडले होते. त्यातून रोगाची हवा एका घरातून दुसऱ्या घरात गेली. तांब्याभर पाणी सापळ्यात असते, तर पुष्कळ अनर्थ टळला असता. तुमच्या घरात न वापरलेली मोरी असेल, तर आठवड्यातून एकदा तीत तांब्याभर पाणी ओता. एवढे काम करायला प्लंबर लागत नाही.

हिशोब हवाच

नळकाऱ्याला गणित येते तेवढे बरे. घाबरू नका, मोठे गणित नाही. समजा, एक टाकी ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३ फूट उंच आहे. तिन्ही गुणले की २७ घनफूट झाले. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. २७ गुणिले २८ म्हणजे ७५६ लिटर. झाले गणित! आता घरमालकाने विचारले, "आमच्या घरात पाच माणसे आहेत, ही टाकी पुरेल का?" तर तुम्ही उत्तर देऊ शकता.

दुसरे गणित गळतीचे. एका सेकंदाला एक थेंब गळतो आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे तेवढे थेंब. चार हजार थेंबांचा एक लिटर धरला, तर दिवसाला साडेएकवीस लिटर पाणी गेले. महिन्याला जवळजवळ ६५० लिटर. सरकारने खेड्यातल्या माणसाला दर दिवशी ५५ लिटर पाणी मिळावे असे ठरवले आहे. म्हणजे एका गळक्या तोटीने महिन्यात एका माणसाचे बारा दिवसांचे पाणी खाल्ले. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. तसेच थेंबे थेंबे तळे आटेही! आणि ही गळती बंद करायला किती लागते? पुष्कळदा एक रबरी वायसर.

तिसरे गणित जोराचे. पाण्याची टाकी तोटीपेक्षा जितकी उंच, तितका तोटीला जोर. १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा दाब पडतो. म्हणून वरच्या मजल्यावर टाकी अगदी डोक्यावर असते, तिथे पाणी मंद येते. तळमजल्यावर जोरात येते. वरच्या मजल्यावरचा माणूस म्हणतो, "खालच्यांनी आमचे पाणी चोरले." चोरले नाही बाबा, हा उंचीचा खेळ आहे. हे ज्याला समजावून सांगता येते, तो शेजाऱ्यांचे भांडणही मिटवतो.

शिकायचे कुठे?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाच्या शाळा असतात. कॉलेज म्हटले तरी ती बड्या लोकांची नसतात. दिवसभर काम करणारा माणूस संध्याकाळी तिथे जातो आणि नळकाम, वीजकाम, सुतारकाम शिकतो. शिवाय चार-पाच वर्षे जाणत्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करतो. मग परीक्षा देतो आणि परवाना घेतो. तिथे प्लंबरला कोणी कमी लेखत नाही.

आपल्याकडेही सोय आहे. फक्त ती ठाऊक हवी.

एक : सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था. हिलाच आपण आय.टी.आय. म्हणतो. कारागीर तयार करण्याची ही योजना आपल्या देशात १९५० साली सुरू झाली. ठाण्याची आय.टी.आय. वागळे इस्टेटमध्ये आहे. खोपटहून ती फार दूर नाही. अंबरनाथलाही आय.टी.आय. आहे. प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. त्यात नळकामाबरोबर थोडे गवंडीकाम, थोडे सुतारकाम, थोडे वेल्डिंगही शिकवतात. कारण भिंत फोडल्याशिवाय नळ बसत नाही, आणि फोडलेली भिंत नीट बुजवताही आली पाहिजे. वयाची १४ वर्षे पुरी व्हावी लागतात. काही व्यवसाय दहावी नापास मुलांनाही खुले असतात. प्लंबर हा त्यांपैकी एक आहे. तेव्हा मुलगा दहावीला नापास झाला म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घालू नका. त्याला आय.टी.आय.मध्ये घेऊन जा. दहावीचा निकाल लागला की प्रवेशाचे अर्ज निघतात. कोणत्या संस्थेत कोणता व्यवसाय आहे, ते माहितीपुस्तिकेत छापलेले असते. ती पुस्तिका पोराकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा.

दोन : जन शिक्षण संस्थान. हे नाव लक्षात ठेवा, कारण ही संस्था तुमच्यासाठीच आहे. १९६७ साली मुंबईत पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांना शिकवावे, हा त्याचा हेतू. पुढे २००० साली त्यांचे नाव जन शिक्षण संस्थान झाले. देशातल्या अनेक जिल्ह्यांत ती आहेत. निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सोडलेली माणसे इथे शिकू शकतात. वय १५ ते ४५. काही महिन्यांचे वर्ग असतात. काही ठिकाणी नळकामाचाही वर्ग असतो. इथे कोणी तुम्हांला, "दहावीचा दाखला आणा," असे म्हणत नाही.

तीन : अनुभवाची परीक्षा. तुमच्यातले काही जण दहा-दहा वर्षे प्लंबरच्या हाताखाली काम करीत असतील. हात बसला आहे, पण कागद नाही. अशा माणसांची परीक्षा घेऊन त्यांना दाखला देण्याची योजना सरकारने कौशल्य विकास योजनेत ठेवली आहे. थोड्या दिवसांची उजळणी, मग परीक्षा, मग दाखला. विद्या तुमचीच, फक्त तिच्यावर शिक्का बसतो.

चार : पुढची शाळा. ज्याला आठवी, दहावी व्हायचे आहे, त्याच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. पाचवी आणि आठवीची परीक्षासुद्धा त्यातून देता येते. वयाची लाज बाळगू नका. विहिरीला पाणी चाळीस फुटांवर लागते, तर कोणी वीस फुटांवर खणणे थांबवीत नाही.

शिकल्यावर पुढे काय?

पहिली पायरी उमेदवारीची. उमेदवारांसाठी १९६१ सालचा कायदा आहे. आय.टी.आय. झालेल्या मुलाला कारखान्यात किंवा मोठ्या संस्थेत उमेदवार म्हणून घेतात. त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. उमेदवारी पुरी झाली की त्याचाही दाखला मिळतो.

मग वाटा फुटतात. एक वाट नोकरीची. महापालिकेचे पाणी खाते, रेल्वे, रुग्णालये, औद्योगिक वसाहतीतले कारखाने यांना नळकारागीर लागतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नव्या इमारती उभ्या राहतात. एकेका इमारतीत शेकडो मोऱ्या आणि शेकडो तोट्या. शिवाय सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र, आग विझवण्याचे नळ, पावसाचे पाणी साठवण्याची सोय, सूर्याच्या उन्हावर पाणी तापवण्याचे बंब. हे सगळे बसवायला माणूस लागतो, आणि बसवल्यावर राखायलाही लागतो. इमारत एकदाच बांधतात. दुरुस्ती मात्र तिच्या जन्माची सोबतीण.

दुसरी वाट स्वतःच्या धंद्याची. महापालिका नळकाऱ्याला परवाना देते. नव्या नळजोडणीचे काम परवानावाल्याच्या सहीने होते. पण धंदा म्हटला की कागद आला. समजा, काम सांगितले. सामानाचे १,२०० रुपये, मजुरी ८०० रुपये, येण्या-जाण्याचे ६० रुपये. एकूण २,०६० रुपये. हे आधी कागदावर लिहून द्या आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. नुसते तोंडी सांगितले, तर शेवटी घासाघीस होते आणि मन दुखावते. लिहिलेले असले की दोघेही सुखी.

तिसरी वाट परगावची. ओडिशात केंद्रापाडा जिल्ह्यात पट्टामुंडई नावाचे गाव आहे. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या नळकाम करतात. आधी ते कोलकात्याला गेले. मग साऱ्या देशभर गेले, आखाती देशांतही गेले. आता तिथे सरकारने नळकामाची खास शिक्षणसंस्थाच काढली आहे. एक गाव एका हुन्नरावर देशात नाव काढते. आपल्या मुरबाड-शहापूरला ते का जमू नये? मात्र परदेशी जायचे तर सांभाळून. सरकारकडे नोंद असलेल्या एजंटाकडेच जा. करार वाचल्याशिवाय सही करू नका. पगार किती, राहण्याची सोय काय, सुट्टी किती, सगळे वाचा. अंगठा मारणारा फसतो. वाचणारा प्रश्न विचारतो.

चौथी वाट आपल्याच गावची. ती मला सर्वांत मोलाची वाटते. २०१९ साली १५ ऑगस्टला जल जीवन मिशन सुरू झाले. त्या वेळी देशातल्या खेड्यांत सुमारे ३ कोटी २३ लाख घरांतच नळ होते. त्यानंतर कोट्यवधी घरांत नळ आले. पण नळ आला म्हणजे पाणी आले असे नाही. पंप बिघडतो, व्हॉल्व्ह अडकतो, नळ फुटतो. गावात दुरुस्त करणारा नसला, तर शहरातून माणूस यायला चार दिवस लागतात. तोवर बाया पुन्हा डोक्यावर हंडा घेऊन विहिरीकडे निघतात. म्हणून गावातच एखाद-दुसऱ्याला नळ, पंप आणि मोटार यांचे काम शिकवावे, अशी योजना निघाली. तिला नल जल मित्र म्हणतात. ग्रामपंचायतीत चौकशी करा.

भगिनींनो, हे काम पुरुषांचेच असे कोणी सांगितले? पाण्याचे दुखणे बाईइतके कोणाला ठाऊक? प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायला शिकवावे, असे त्या मिशनमध्येच ठरले आहे. ज्या हाताने पाणी तपासता येते, त्या हाताने वायसरही बदलता येतो. आय.टी.आय.मध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात. लेकीला पाठवा.

एक धोक्याची सूचना

आता मी जे सांगणार आहे, ते कान देऊन ऐका. बाकी सारे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

नळाचे काम चांगले आहे. पण मैल्याच्या टाकीत, गटाराच्या भुयारात उतरणे हे नळाचे काम नाही. कोणी मुकादम म्हणेल, "दोन मिनिटांचे काम आहे, उतर, पाचशे रुपये जास्त देतो." उतरू नका. पाच हजार दिले तरी उतरू नका. त्या टाकीत विषारी वायू साचलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला तर नाक बधिर होते आणि वासही येत नाही. माणूस ओरडायच्या आत खाली पडतो.

१ नोव्हेंबर २०१८ रोजी आपल्या कल्याणात काय झाले? गटाराच्या पाण्याने दूषित झालेली एक विहीर साफ करायला मजूर उतरला. तो वर आला नाही. त्याला वाचवायला एकामागून एक माणसे उतरली. पाच जण प्राणास मुकले. त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. पाचांतले बरेचसे दुसऱ्याला वाचवायला गेले होते. म्हणून ध्यानात ठेवा. आत कोणी पडला, तर मागोमाग उडी टाकू नका. आरडाओरडा करा, १०१ ला फोन करून अग्निशमन दलाला बोलवा.

माणसाला मैल्याच्या टाकीत असे उतरवणे २०१३ सालच्या कायद्याने गुन्हा आहे. ज्याने उतरवले, त्याला तुरुंगवास होऊ शकतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा मृत्यू झाला तर घरच्यांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी. पण मंडळी, ३० लाखांनी घरचा माणूस परत येतो का? टाकी उपसायला नगरपालिकेची गाडी असते. ती यंत्राने मैला ओढून घेते. तिला बोलवा.

आणि आणखी एक. गटाराचे काम अमक्याच जातीने करावे, ही समजूत मनातून काढून टाका. नळाचा पाना जात विचारीत नाही. ज्याला काम येते, तो कारागीर. त्याला "अरे" म्हणून हाक मारू नका, आणि तो तुमच्या घरी आला तर त्याला पाणी द्या. जो आपल्या घरात पाणी आणतो, त्यालाच पाणी न देणे यासारखा कृतघ्नपणा दुसरा नाही.

शेवटचे दोन शब्द

रोज सकाळी ठाण्याच्या आणि कल्याणच्या नाक्यांवर माणसे उभी असतात. कोणाच्या हातात घमेले, कोणाच्या हातात फावडे. मुकादम येतो, बोट दाखवतो, चार जणांना घेऊन जातो. बाकीचे दुपारपर्यंत उभे राहून घरी जातात. त्यांच्या अंगात बळ नाही असे नाही. बळ आहे, पण विद्या नाही. नुसत्या बळाला गिऱ्हाईक बोट दाखवून निवडते. विद्येचा पत्ता विचारीत ते घरी येते.

तुम्ही अक्षरे शिकलात, ती अवघड पायरी होती. ती चढलात. आता दुसरी पायरी आहे. उद्यापासून एवढे करा. घरातली गळकी तोटी शोधा. तिच्याखाली तांब्या ठेवा आणि तो किती वेळात भरतो ते पाटीवर लिहा. नळावरचे छापील माप वाचा. ते पुढच्या वर्गात मला वाचून दाखवा. ज्यांची मुले दहावीत आहेत, त्यांनी एक दिवस मुलाला घेऊन वागळे इस्टेटला जावे आणि आय.टी.आय. डोळ्यांनी पाहून यावे. प्रवेश घ्यायचा की नाही ते मग ठरवा. पाहायला पैसे पडत नाहीत.

हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, असे आपले जुने लोक म्हणत. त्यात मी एकच शब्द घालतो. शिकलेला हात फिरे, तिथे लक्ष्मी वसे.



विचार करा आणि लिहा

१. मोरीखालच्या वाकणात पाणी का असावे लागते?
२. ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकीत किती लिटर पाणी मावेल?
३. तुमच्या घरातल्या नळावर कोणते माप छापले आहे?
४. मुकादमाने मैल्याच्या टाकीत उतरायला सांगितले, तर तुम्ही त्याला काय उत्तर द्याल?